शांत मेंदू आणि सुरक्षित मेंदू : मस्तिष्काघातानंतर शामक औषधे देण्यामागील युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना

डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध झालेला रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होतो. त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवले जाते आणि शिरेवाटे गुंगीचे औषध सुरू केले जाते. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना सांगण्यात येते की, मेंदूला विश्रांती मिळावी म्हणून रुग्णाला झोपवून ठेवले आहे. वृत्तपत्रांतून हीच गोष्ट ‘कृत्रिम कोमा’ या नावाने वाचावयास मिळते. २०१३ च्या डिसेंबरमध्ये मोटार शर्यतपटू मायकेल शूमाकर फ्रान्समध्ये बर्फावर घसरण्याचा खेळ खेळताना जखमी झाला, तेव्हापासून तर हा शब्दप्रयोग सामान्य वाचकाच्याही परिचयाचा झाला.

या सांगण्यात दोन विधाने एकमेकांत मिसळलेली आहेत. औषधाने मेंदूचे कार्य मंदावते, हे पहिले विधान. कार्य मंदावल्यामुळे जखमी मेंदूतील पेशी मरणातून वाचतात, हे दुसरे. पहिले विधान प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. दुसरे सिद्ध करण्याचा प्रयत्न गेल्या पन्नास वर्षांत वारंवार झाला असून माणसाच्या बाबतीत तो अद्याप सफल झालेला नाही. तरीही पहिल्याच्या पुण्याईवर दुसरे खपून जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या विधानाची चिकित्सा करावयाची आहे.

शामक औषधांना सरसकट विरोध करणे हा या लेखाचा हेतू नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. व्हेंटिलेटरची नळी सहन व्हावी, वेदना कमी व्हाव्यात, रुग्णाने खोकून वा धडपडून कवटीतील दाब वाढवू नये, फेफऱ्याचे झटके आटोक्यात यावेत, यासाठी ही औषधे आवश्यकच आहेत. प्रश्न आहे तो त्यांना ‘पेशींचे संरक्षक’ हे पद बहाल करण्याचा. भारतासारख्या देशात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार एकट्या २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. अशा अपघातांतील मृत्यूंचे आणि कायमच्या अपंगत्वाचे डोक्याची दुखापत हे एक प्रमुख कारण होय.

युक्तिवादाचे मूळ

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. यांतील निम्म्याहून अधिक ऊर्जा विद्युत-संदेशांच्या देवघेवीवर खर्च होते आणि उरलेली पेशीचे घर उभे ठेवण्यावर. मार लागताच जे फाटते, तुटते, चिरडते त्यावर औषध नाही. परंतु त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत मेंदूला सूज येते, कवटीतील दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो आणि मूळ माराने न मेलेल्या पेशीही मरू लागतात. या दुय्यम हानीतून पेशींना वाचवावे, ही कल्पना स्वाभाविक आहे. पुरवठा वाढवता येत नसेल तर मागणी कमी करावी, असा हा सरळ हिशेब. दुष्काळात जनावरांना चारा पुरत नाही म्हणून त्यांना औताला न जुंपता गोठ्यात बसवून ठेवावे, तसे.

हा हिशेब कोठे थांबतो, हेही लवकरच कळून आले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे भूलतज्ज्ञ जॉन मायकेनफेल्डर यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, थायोपेंटल या बार्बिट्युरेट गटातील औषधाची मात्रा वाढवत नेली की मेंदूचा प्राणवायूचा वापर घटत जातो. परंतु ईईजीचा आलेख एकदा सपाट झाला की पुढे कितीही औषध दिले तरी तो आणखी घटत नाही. म्हणजे औषध बंद पाडते ते संदेशवहन. पेशीच्या जगण्याचा जो मूळ खर्च आहे त्याला ते हात लावू शकत नाही. यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. ज्या रुग्णाच्या मेंदूचे कार्य आघातानेच जवळजवळ थांबले आहे, त्याच्या बाबतीत हे औषध आणखी काय कमी करणार? जो मेंदू सर्वांत गंभीर जखमी, त्यातच या बचतीला सर्वांत कमी वाव, असा हा विपर्यास आहे.

१९८० च्या दशकात या युक्तिवादाला दुसरा आधार मिळाला. जखमी पेशींतून ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन अतिरिक्त प्रमाणात बाहेर पडते, शेजारच्या पेशींची दारे उघडते, आत कॅल्शियम शिरते आणि पेशी जणू अतिश्रमाने मरते, असा विचार दृढ झाला. तेव्हा उत्तेजन दाबणारे किंवा गॅबा या शामक रसायनाचे कार्य वाढवणारे औषध पेशीला वाचवील, असे मानले जाऊ लागले. एका हिशेबाला दुसऱ्याची जोड मिळाली आणि कल्पना आकर्षक झाली.

बार्बिट्युरेटांची परीक्षा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील काही केंद्रांनी तीव्र मस्तिष्काघाताच्या रुग्णांना बार्बिट्युरेट देऊन उत्साहवर्धक परिणाम नोंदवले. या नोंदींत तुलनेसाठी यादृच्छिकपणे निवडलेला दुसरा गट नव्हता. तसा गट घेऊन केलेल्या चाचण्या पुढच्या दशकात आल्या.

व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी ५३ रुग्णांची अशी चाचणी केली आणि १९८५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कवटीतील दाब वाढण्याची वाट न पाहता एका गटाला आधीच पेंटोबार्बिटल देण्यात आले होते. एका वर्षानंतर दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. दाब वाढण्याचे प्रमाणही कमी झाले नव्हते. फरक पडला तो रक्तदाबात : औषध दिलेल्या गटात १४ रुग्णांचा रक्तदाब घसरला, न दिलेल्या गटात २ रुग्णांचा. शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘अपयश’ हा शब्द होता. वैद्यकीय वाङ्मयात इतका स्पष्टवक्तेपणा विरळा. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या टोरांटो येथील ५९ रुग्णांच्या चाचणीत पेंटोबार्बिटलची तुलना मॅनिटॉलशी झाली होती. ज्यांच्या मेंदूत काढण्याजोगी रक्ताची गाठ नव्हती, अशा रुग्णांत पेंटोबार्बिटलच्या गटातील मृत्यू अधिक होते. १९८६ मध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या, पण बेशुद्ध राहिलेल्या २६२ रुग्णांवरील थायोपेंटलची बहुराष्ट्रीय चाचणीही निष्फळ ठरली. तेथे मार नव्हता, केवळ रक्तपुरवठा थांबला होता. म्हणजे ‘मागणी कमी करा’ हा युक्तिवाद लागू पडायला त्याहून सोयीची परिस्थिती नव्हती.

या मालिकेतील सर्वाधिक उद्धृत होणारा निबंध आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा, १९८८ मधील. त्याच्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. कारण बार्बिट्युरेटांच्या बाजूने आजही जे बोलले जाते त्याचा उगम बहुधा येथे असतो. इतर सर्व उपायांना न जुमानणारा दाब असलेल्या ७३ रुग्णांची यात दोन गटांत विभागणी झाली. औषधाच्या गटात दाब आटोक्यात येण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या सुमारे दुप्पट होते. ज्यांचा दाब औषधाने उतरला त्यांच्यापैकी ९२ टक्के रुग्ण एका महिन्यानंतर जिवंत होते. ज्यांचा उतरला नाही त्यांच्यापैकी ८३ टक्के दगावले. हे आकडे वाचणाऱ्याच्या मनावर ठसतात, आणि ‘औषधाने दाब उतरला म्हणून रुग्ण वाचला’ असा अर्थ सहज काढला जातो.

पण ही तुलना औषध दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांची नाही. ती प्रतिसाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या रुग्णांची आहे. ज्याच्या मेंदूत प्रतिसाद देण्याइतके सामर्थ्य शिल्लक आहे, तो मुळातच कमी जखमी असण्याचा संभव अधिक. पहिल्या पावसाने जे रोप तरारून उठते त्याचे मूळ शाबूत होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. पावसाने मूळ सांधले, हे सिद्ध होत नाही. शिवाय ज्यांना आरंभी औषध दिले नव्हते त्यांचा दाब आटोक्यात न आल्यास नंतर त्यांनाही ते देण्याची मुभा या चाचणीत होती आणि बहुतेकांना ते दिलेही गेले. रुग्णहिताच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु त्यामुळे औषधाने जीव वाचतो किंवा कसे, याचे उत्तर देण्याची क्षमता या चाचणीत उरली नाही. ती दाब उतरण्याविषयी बोलू शकते, पेशी वाचण्याविषयी नाही. दोष चाचणीकर्त्यांचा नाही, तिच्यातून नको ते वाचणाऱ्यांचा आहे.

कॉक्रेन पुनरावलोकनात २०१२ मध्ये उपलब्ध सात चाचण्या, मिळून ३४१ रुग्ण, एकत्र तपासण्यात आल्या. बार्बिट्युरेटांमुळे मृत्यू वा अपंगत्व कमी होते असा पुरावा मिळाला नाही. मात्र औषध दिलेल्या दर चार रुग्णांमागे एकाचा रक्तदाब औषधामुळे घसरतो, असे दिसले.

रक्तदाबाचा हिशेब

रक्तदाबाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, कारण तोच या विषयाचा गाभा आहे. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे धमन्यांतील सरासरी दाबातून कवटीतील दाब वजा करून उरणारा दाब. समजा, सरासरी रक्तदाब ९० आणि कवटीतील दाब २५ आहे. मेंदूच्या वाट्याला ६५ येतात. औषध दिले, कवटीतील दाब १५ पर्यंत उतरला, परंतु रक्तदाबही ७० वर आला. आता मेंदूच्या वाट्याला ५५ उरले. मॉनिटरवरचा कवटीतील दाबाचा आकडा सुधारला आणि मेंदूचा पुरवठा घटला. अमेरिकेतील ट्रॉमॅटिक कोमा डेटा बँकेतील ७१७ रुग्णांच्या नोंदी तपासून चेस्नट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की, वरचा रक्तदाब ९० च्या खाली घसरल्याची नोंद असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक होते.

यावर असे उत्तर दिले जाते की, औषधाने मागणीही घटलेली असल्याने कमी पुरवठा चालतो. निरोगी मेंदूपुरते हे उत्तर बरोबर आहे. तेथे मागणी आणि रक्तप्रवाह हातात हात घालून चालतात. जखमी भागात नेमकी हीच सांगड तुटलेली असते. कार्बन डायऑक्साइडच्या बदलाला रक्तवाहिन्या प्रतिसाद देतात किंवा नाही, हे पाहून बार्बिट्युरेट कोणाला उपयोगी पडेल याचा अंदाज घेता येतो, असे १९८० च्या दशकातील स्वीडनमधील काम आहे. असा विवेक करणारी चाचणी मोठ्या प्रमाणावर झाली असती तर आज चित्र कदाचित वेगळे असते.

प्रोपोफॉलची कहाणी याहून फार वेगळी नाही. ते लवकर चढते, लवकर उतरते, म्हणून सोयीचे. परंतु २००१ मध्ये नेदरलंड्समधून क्रेमर आणि सहकाऱ्यांनी मस्तिष्काघाताच्या ६७ प्रौढ रुग्णांपैकी ७ जणांच्या हृदयाने अनपेक्षितपणे दगा दिल्याचे नोंदवले. हे सर्व ताशी दर किलोग्रॅमला ५ मिलिग्रॅमहून अधिक मात्रा मिळालेले रुग्ण होते. संरक्षणाच्या ओढीने मात्रा वाढवत नेण्याची ही किंमत. अमेरिकेतील ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांची भाषा या संदर्भात लक्षणीय आहे : कवटीतील दाब आटोक्यात ठेवण्यासाठी प्रोपोफॉलची शिफारस आहे, परंतु मृत्यू कमी करण्यासाठी वा सहा महिन्यांनंतरची स्थिती सुधारण्यासाठी नाही, आणि दाब वाढण्यापूर्वीच केवळ प्रतिबंध म्हणून बार्बिट्युरेट देऊ नये. इतके नेमके वाक्य रुग्णालयाच्या दारात नातेवाइकांपर्यंत पोचेतो ‘मेंदू वाचवण्यासाठी’ एवढेच का उरते, याचा विचार वैद्यकीय शिक्षणानेही करावयास हवा.

केटामाईनचे उदाहरण

केटामाईनचा इतिहास उद्बोधक आहे. १९७० च्या दशकातील काही निरीक्षणांवरून ते कवटीतील दाब वाढवते असे ठरले आणि डोक्याच्या दुखापतीत ते वर्ज्य मानले गेले. ती निरीक्षणे प्रामुख्याने मेंदूतील पाण्याचा मार्ग अडलेल्या आणि व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांची होती. नंतर व्हेंटिलेटरवरील रुग्णांत तशी वाढ आढळली नाही. दरम्यान केटामाईन ग्लुटामेटचे एक दार बंद करते हे कळले आणि वर्ज्य औषध एकाएकी संभाव्य रक्षक झाले. पण तेच दार अधिक नेमकेपणाने बंद करणारे सेल्फोटेल हे औषध १९९० च्या दशकातील चाचण्यांत अपयशी ठरले होते. त्याच दशकाच्या आरंभापूर्वी, १९८९ मध्ये, जॉन ओल्नी यांनी दाखवले होते की, या गटातील औषधे प्रौढ उंदरांच्या मेंदूतील ठरावीक पेशींना स्वतःच इजा करतात. ग्लुटामेटच्या घातकतेची कल्पना मांडणाराच तिच्यावरील उताऱ्याचे विष दाखवतो, ही गोष्ट विज्ञानाच्या प्रामाणिकपणाची म्हणून नोंदवावीशी वाटते.

अपयशाचे एक कारण २००४ मध्ये बीगॉन आणि सहकाऱ्यांच्या उंदरांवरील कामातून पुढे आले. आघातानंतर ग्लुटामेटच्या या दारांचे अतिरेकी कार्य तासाभरातच ओसरते आणि त्यानंतर अनेक दिवस ती उलट मंद पडतात. त्या काळात ती उघडणारे औषध दिले असता प्राणी अधिक सावरले. माणूस रुग्णालयात पोचतो तो बहुधा हा तास उलटून गेल्यावर. म्हणजे जो चोर पळून गेला आहे त्याच्यासाठी आपण घराची दारे लावतो आणि आतल्या माणसांना बाहेर पडू देत नाही. गॅबाच्या बाजूनेही अशीच शंका आहे : १९८६ मध्ये शालर्ट आणि सहकाऱ्यांना मेंदूला इजा झालेल्या उंदरांत डायझेपाम दिल्याने गमावलेले कार्य परत येण्यात दीर्घकाळ अडथळा आलेला आढळला. जखमी मेंदू ज्या हालचालीतून नवी जुळवाजुळव करतो ती हालचालच शामक औषध दाबते, असा त्याचा अर्थ लावता येतो. केटामाईनच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. जखमी मेंदूच्या पृष्ठभागावरून विध्रुवीकरणाच्या ज्या विनाशक लाटा पसरतात, त्या केटामाईन मिळालेल्या रुग्णांत कमी दिसतात, असे ११५ रुग्णांच्या निरीक्षणातून २०१२ मध्ये पुढे आले. हे निरीक्षण आहे, परिणामाचा पुरावा नव्हे. पण या क्षेत्रात आशेला जागा असेल तर ती येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रयोगशाळेची अडचण

प्राण्यांत जे दिसते ते माणसांत का दिसत नाही, याची नेहमीची उत्तरे आहेत : औषध देण्याची वेळ वेगळी, जखम ठरावीक मापाची, प्राणी तरुण आणि निरोगी. त्यांपेक्षा मूलभूत अडचण अशी की, प्राण्याला इजा करण्यापूर्वी नीतिनियमांनुसार भूल द्यावीच लागते. ज्या प्रयोगात शामक औषधाची परीक्षा व्हायची, त्यात ‘औषध न दिलेला’ प्राणीही आधीच शामक औषधाखाली असतो. पिट्सबर्ग येथील स्टॅटलर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सात भूलकारकांची उंदरांत तुलना केली, तेव्हा केवळ भूल बदलल्याने परिणाम बदलल्याचे आणि आयसोफ्लुरेन सरस ठरल्याचे आढळले. याचा एक अर्थ, भुलीत संरक्षक गुण असू शकतो. दुसरा अर्थ, अशा कित्येक प्रयोगांची तुलनारेषाच डळमळीत आहे. विनाभुलीचा जखमी मेंदू प्रयोगशाळेला ठाऊकच नाही. तो रस्त्यावर असतो.

मोठ्या संख्येचा धडा

बार्बिट्युरेटांच्या चाचण्या लहान होत्या, म्हणून त्यांनी काहीच सिद्ध केले नाही, हा आक्षेप रास्त आहे. ३४१ रुग्णांतून मध्यम आकाराचा फायदा निसटू शकतो. पण तितक्याच सहजपणे मध्यम आकाराचे नुकसानही निसटू शकते, हे आक्षेपकांच्या लक्षात राहत नाही. स्टेरॉइडांच्या बाबतीत नेमके हेच घडले. सुजेवर उतारा म्हणून ती सुमारे तीस वर्षे डोक्याच्या दुखापतीत दिली जात होती. १०,००८ रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, तेव्हा दोन आठवड्यांतील मृत्यू औषधाच्या गटात २१ टक्के आणि दुसऱ्या गटात १८ टक्के निघाले. प्रोजेस्टेरॉनच्या विघटनातून गॅबाचे कार्य वाढवणारा पदार्थ तयार होतो. म्हणून तेही या चर्चेत येते. २०१४ मध्ये ८८२ आणि ११९५ रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा काहीही फायदा दिसला नाही. बार्बिट्युरेटांची इतकी मोठी चाचणी झालेली नाही. जुन्या आणि स्वस्त औषधाच्या चाचणीवर कोणी पैसा खर्च करीत नाही.

व्यवहारातील प्रश्न

कवटीतील दाब मोजण्याची सोय, सतत ईईजी आणि धमनीतील रक्तदाबाची क्षणोक्षणी नोंद, या तीन गोष्टी हाताशी असतील तर मोठ्या मात्रेतील बार्बिट्युरेट हा शेवटच्या उपायांपैकी एक समंजस उपाय आहे. आपल्याकडील लहान शहरांतील अनेक रुग्णालयांत त्या तिन्ही नसतात. तेथे दाब किती हे माहीत नसताना तो उतरवण्याचे औषध दिले जाते, आणि रुग्ण शुद्धीवर येत आहे की खालावत आहे हे ओळखण्याचे जे एकमेव साधन उरलेले असते, म्हणजे डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांची वारंवार तपासणी, तेही औषधच हिरावून घेते. १९७४ पासून जगभर वापरात असलेले ग्लासगो मापन गुंगीतल्या रुग्णाला लावले तर ते जखमेचे मापन राहत नाही. वाढत्या रक्ताच्या गाठीची पहिली खूण म्हणजे वाढती सुस्ती. गुंगीत ती कोणाला दिसणार?

थायोपेंटल अनेक दिवस दिले की ते शरीरातील चरबीत साठते आणि बंद केल्यानंतरही पुढचे कित्येक दिवस हळूहळू रक्तात उतरत राहते. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याखाली मस्तिष्कस्तंभ-मृत्यूचे निदान करण्यापूर्वी बेशुद्धी औषधाची नाही याची खात्री करावी लागते; म्हणून त्या दिवसांत तेही निदान करता येत नाही. व्हेंटिलेटर चालू असतो, बिल वाढत असते, गावाहून आलेली माणसे जिन्याखाली सतरंजी टाकून बसलेली असतात. रुग्ण डोळे उघडत नाही याचे कारण जखम आहे की औषध, असे त्यांनी विचारले तर ज्या डॉक्टरांनी औषध सुरू केले त्यांनाही त्या दिवशी ते सांगता येत नाही. औषध सुरू करण्यापूर्वी घेतल्या जाणाऱ्या संमतीत ही गोष्ट सांगितलेली असावी.